सॉफ्टवेअर भाड्यानं घ्या, पण फाइली आपल्या ताब्यात ठेवा

प्रश्न (सांगलीचे एक डीटीपीवाले, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणारे): पूर्वी सीडी एकदा घेतली की मिटायचं. आता दरमहा पैसे का, आणि नाही भरले तर माझी कामं गेली का?

उत्तर: तुमची ही सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या अडोबी कंपनीनं मे २०१३ मध्येच सांगून टाकलं होतं की एकदाच विकत घ्यायचा सीएस६ हा संच शेवटचा, पुढचं सगळं क्रिएटिव्ह क्लाउड या नावानं, वर्गणी भरून. आपण एकच सीडी दहा-दहा वर्षं चालवायचो, ते कंपनीला परवडत नव्हतं. फाइली तुमच्या हार्डडिस्कवर आहेत, त्या कुठे जात नाहीत, पण वर्गणी थांबून इनडिझाइन (अडोबीचं पानं लावायचं सॉफ्टवेअर) बंद पडल्यावर त्या उघडणार कशात? म्हणून काम प्रेसला गेलं की त्याच दिवशी पीडीएफ आणि आयडीएमएल (इनडिझाइनच्या जुन्या-नव्या व्हर्जनमध्ये चालणारी फाइल) अशा दोन कॉप्या काढून ठेवायच्या, आयडीएमएल सीएस४ पासून पुढच्या कुठल्याही इनडिझाइनमध्ये उघडते, अफिनिटी या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही उघडते.

आणि पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरमधले दिवाळी अंक पडून असतील तर आधी ते बघा हो! पेजमेकरची फाइल उघडणारं शेवटचं इनडिझाइन म्हणजे सीएस६, आताच्या भाड्याच्या व्हर्जनमध्ये ती उघडतच नाही. मी एक जुना पीसी फक्त यासाठी सांभाळलाय, मागे फॉन्टचं डोंगल (जे लावल्याशिवाय फॉन्ट चालत नाही ती छोटी किल्ली) तसंच लावलेलं, कारण तो फॉन्ट नसला तर मराठीच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. उघडलं की मजकूर लगेच युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीत) कन्व्हर्ट करा. लोकांनी रात्र रात्र जागून लावलेली पानं अशी अडकून पडलेली बघितली की जीव तुटतो.

प्रश्न: अडोबीचा वार्षिक प्लॅन हप्त्यानं घेतलाय, मधेच बंद केला तर?

उत्तर: दंड लागू शकतो. 'दरमहा' एवढंच वाचून बटण दाबू नका, खाली 'वार्षिक करार' लिहिलंय का ते बघा. हा दंड लपवला असा आरोप करून अमेरिकन सरकारनं जून २०२४ मध्ये अडोबीवर खटलाही भरला होता.

प्रश्न: बाबांना नुसती पत्रं आणि सोसायटीचा हिशेब करायचाय, मायक्रोसॉफ्ट ३६५ (वर्ड-एक्सेलची वर्गणी) घेऊ का?

उत्तर: एवढ्यासाठी नको. लिब्रेऑफिस हे वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर फुकट आहे, मराठी युनिकोड छान चालतं. वर्ड-एक्सेलच हवं असेल तर ऑफिस २०२४ एकदाच पैसे भरून मिळतं. ३६५ ची वर्गणी संपली की फाइल वाचता येते, प्रिंट निघते, पण एक ओळ बदलता येत नाही, आणि बाबा नेमके सोसायटीच्या मीटिंगच्या आदल्या रात्री तुम्हाला फोन करणार.