आठ-नऊ वर्षांच्या मुलांना दोन दिवसांच्या शिबिरात ॲनिमेशन शिकवायचं, तर सुरुवात कशाने करावी?
सुरुवात कागदाने करा आणि दुसऱ्या दिवशी मोबाइलवर स्टॉप मोशन घ्या, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवत एकेक फोटो काढून केलेली फिल्म. कॉम्प्युटर इतक्यात नको. मी उन्हाळी शिबिरांत हे शिकवते. हलतं चित्र म्हणजे किंचित बदलत जाणाऱ्या स्थिर चित्रांची रांग, हे मुलांच्या हाताला आधी कळावं लागतं.

पहिला तास पुठ्ठ्याच्या चकतीला द्या: एका बाजूला पक्षी, मागे उलटा पिंजरा, डाव्या-उजव्या कडेला दोरे. दोरे बोटांत पिळून ताणले की चकती गरगर फिरते आणि पक्षी पिंजऱ्यात दिसतो. १८२०च्या दशकातलं खेळणं, पण मुलं आजही ते हातातून सोडत नाहीत! मग छोट्या वहीच्या कोपऱ्यात उसळणारा चेंडू: दर पानावर किंचित सरकवून काढायचा आणि पानं भराभर उलटायची, वीसेक पानं पुरे.

दुसऱ्या दिवशी चार-चार जणांचे गट, चिकणमाती, बटणं, चिंचोके. सेकंदाला १२ फोटो धरले तर १० सेकंदांना १२० लागतात, म्हणून गोष्ट अगदी छोटी हवी. कंटाळलेल्यांना दादासाहेब फाळक्यांबद्दल सांगा: 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी वाटाण्याचं रोप वाढताना असंच थोडं थोडं टिपलं होतं.

मोबाइल पक्का बांधा आणि खिडक्यांचे पडदे ओढून ट्यूबलाइट लावा, नाहीतर ऊन बदलेल तशी फिल्म लुकलुकते.

मात्र सहाच्या आतली मुलं असतील तर वही वगळा. एकच चित्र पुन्हा पुन्हा काढणं त्यांना जड जातं.