कागद कुठे आहेत, हे त्यांनी आताच का सांगितले?

पत्र : तासगाव तालुक्यात आमची दोन एकर द्राक्षबाग आहे. 2025 च्या मे महिन्यातच पाऊस लागला, काडीत घड तयार झाले नाहीत आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर घडांऐवजी नुसत्या बाळ्या (तणावे) निघाल्या. सोसायटीचे आणि बँकेचे मिळून बारा लाखांचे कर्ज आहे. चार महिने मालक कोणाशी बोलत नव्हते, रात्रभर जागे असायचे. घरची गोष्ट बाहेर जाईल म्हणून मी धाकट्या दिरांनाही काही सांगितले नाही. मी सोळा सोमवारांचे व्रत धरले. दहावा सोमवार झाला आणि ते एकदम शांत झाले. आता चिडत नाहीत. परवा तर विमा, सोसायटी, सात-बारा यांचे कागद कोणत्या पिशवीत आहेत, तेही मला बसवून समजावून सांगितले. देवाने ऐकले असे वाटते. एप्रिल संपत आला तरी खरड छाटणीचे मात्र नाव काढत नाहीत. मुलगी यंदा बारावीत जाईल. पुढे काय होणार या विचाराने माझी श्रद्धा डळमळते. ती कशी टिकवू?

ताई,

हे उत्तर छापून येण्याची वाट न पाहता, तुमचे पत्र वाचल्याबरोबर मी ते तुमच्या फोनवर पाठवत आहे. तुमच्या श्रद्धेविषयी मी आज काहीही लिहिणार नाही. तुमच्या पत्रातल्या कागदांच्या पिशवीविषयी लिहिणार आहे, कारण ते वाक्य वाचल्यापासून मला दुसरे काही सुचलेले नाही.

ज्या माणसाने आजवर घरातला एकही व्यवहार तुमच्यापर्यंत येऊ दिला नाही (तसे तुम्ही लिहिलेले नाही, पण 'तेही समजावून सांगितले' या शब्दांतले तुमचे नवल मला दिसते), तो चार महिन्यांच्या अबोल्यानंतर अचानक निवांत होतो आणि बायकोला विम्याचे कागद दाखवतो, तेव्हा त्या निवांतपणाने मला हायसे वाटत नाही, माझ्या पोटात गोळा येतो. फार दिवस घुसमटलेला माणूस कधी कधी मनाशी काहीतरी ठरवून टाकल्यामुळे शांत होतो. तुमच्या यजमानांचे तसेच आहे असे मी इथे बसून सांगू शकत नाही, आणि माझी शंका खोटी ठरली तर माझ्याइतका आनंद कोणालाच होणार नाही. पण त्यांना विचारल्याशिवाय ती खोटी ठरवण्याचा हक्क तुम्हालाही नाही आणि मलाही नाही.

दुसरी खूण, लांबलेल्या खरड छाटणीची, तुम्ही स्वतःच लिहिली आहे आणि तिच्यावरून पुढे निघून गेला आहात. माझे माहेर द्राक्षाच्या पट्ट्यातले आहे. एप्रिलमध्ये हिरवा वेल पार ओलांड्यापर्यंत, म्हणजे आडव्या जाड फांदीपर्यंत, छाटून बोडका करताना बागाईतदाराच्या मनात ऑक्टोबर असतो. त्या छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांत साधारण चाळीस ते साठ दिवसांत पुढच्या हंगामाचे घड सूक्ष्म रूपात तयार होतात. ते नुसत्या नजरेला दिसत नाहीत, म्हणून ऑक्टोबरच्या आधी काड्या तपासायला प्रयोगशाळेत पाठवाव्या लागतात. काहीही दिसत नसताना दरवर्षी वेलीवर कात्री चालवणारा हा माणूस विश्वासाच्या बाबतीत तुमच्या-माझ्यापेक्षा कच्चा नाही. तो आज एप्रिल सरत आला तरी छाटणीचे नाव काढत नाही, याचा अर्थ त्याला ऑक्टोबर दिसेनासा झाला आहे. हा आळस नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. हा आजार असू शकतो, आणि त्यावर उपचार होतात.

म्हणून आज संध्याकाळी, मुलगी घरात नसताना, त्यांच्याजवळ बसा आणि सरळ शब्दांत विचारा : "तुमच्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" आडून विचारू नका, 'तसले काही' म्हणू नका. विचारल्याने तो विचार माणसाच्या डोक्यात शिरतो, अशी भीती आपल्याकडे घरोघरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ती स्पष्ट शब्दांत चुकीची ठरवली आहे, उलट विचारल्याने माणसाला बोलायला जागा मिळते. ते बोलू लागले की तुम्ही गप्प राहा. "पोरीकडे तरी बघा", "असे अभद्र बोलू नये" यातले एकही वाक्य तोंडातून काढू नका, कारण ते ऐकले की पुरुष पुन्हा दार लावून घेतो. रडू आले तर रडा, पण उठू नका.

मात्र त्याच्याही आधी, दुपारीच, तुमच्या धाकट्या दिरांना फोन करून बोलावून घ्या. घरची गोष्ट बाहेर जाईल म्हणून तुम्ही दहा सोमवार उपाशी राहिलात आणि सख्ख्या दिराला एक शब्द बोलला नाहीत, याचा मला राग आला आहे आणि तो मी लपवत नाही. दिरांना सांगा की फवारणीच्या औषधांची खोली रिकामी करून सगळा साठा आजच्या आज आपल्या घरी हलवायचा आणि तिथे कुलपात ठेवायचा. याला फाजील खबरदारी समजू नका. श्रीलंकेने 1990 च्या दशकात अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी घातली, त्यानंतर 1995 ते 2005 या दहा वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. दुःख तिथल्या लोकांनाही तेवढेच होते. पण ती भयंकर लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते, आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसले तर माणूस वाचतो.

त्यांचे उत्तर 'हो' आले, किंवा ते नुसते खाली बघत राहिले, तर त्या क्षणापासून त्यांना एकटे सोडू नका. 14416 हा सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. त्यांनी फोन घेतला नाही तर तुम्ही बोला. दुसऱ्या दिवशी दिरांना बरोबर घेऊन जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांकडे जा; रात्रीच धोका वाटला तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण दिसायला सहसा दोन ते चार आठवडे लागतात, तेव्हा आठच दिवसांत "काही फरक नाही" म्हणून त्या बंद करू नका.

कर्जाचे नंतर पाहू. पुनर्गठनासाठी, म्हणजे हप्ते नव्याने बांधून घेण्यासाठी, बँकेत अर्ज करता येतो आणि तो दिरांनीही नेऊन दिला तरी चालतो. खरड छाटणी लांबली तर लांबू द्या, दिरांनी टोळी लावून उरकली तर उत्तमच; एका हंगामाच्या हयगयीने वेल मरत नाही. बागेसाठी यजमानांच्या मागे मात्र अजिबात लागू नका.

अकरावा सोमवार करायचा असेल तर जरूर करा. ती कागदांची पिशवी दिरांच्या हवाली करा, आणि यजमानांना सांगा की हे कागद मला आत्ता समजून घ्यायचे नाहीत, बारावी झाल्यावर मुलीला तुम्हीच समजावून सांगा.

रात्री कितीही उशीर झाला तरी मला दोन ओळी लिहून कळवा. मी जागी आहे.