मायक्रोसॉफ्ट आणि अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड यांचे विलीनीकरण ब्रिटनने का रोखले होते?
एप्रिल २०२३ मध्ये ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड ही व्हिडिओ गेम बनवणारी कंपनी विकत घेण्याचा ६८.७ अब्ज डॉलरचा हा व्यवहार रोखला, तो अनेकांना वाटते तसा सोनीच्या प्लेस्टेशन या प्रतिस्पर्धी गेम कन्सोलच्या काळजीपोटी नव्हे. कन्सोलविषयीचा आक्षेप त्याने मार्चमध्येच बाजूला ठेवला होता. खरा प्रश्न क्लाउड गेमिंगचा, म्हणजे दूरच्या सर्व्हरवर चालणारे खेळ इंटरनेटवरून खेळण्याचा होता. ज्या बाजारात मायक्रोसॉफ्टचा वाटा आधीच मोठा आहे, तेथे अ‍ॅक्टिव्हिजनचे ‘कॉल ऑफ ड्यूटी’सारखे खेळही तिच्याच हाती गेल्यास प्रतिस्पर्धी उभेच राहू शकणार नाहीत, असे नियामकाचे म्हणणे होते. हा बाजार तेव्हा लहान होता, पण माझ्या मते हस्तक्षेपाची वेळ तीच असते. पुढे युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेरील अ‍ॅक्टिव्हिजनच्या खेळांचे क्लाउड हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला देण्याचे ठरले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली.