प्रौढांच्या कॉमिक्सकडे निघालेल्या वाचकास

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

सुपरहिरो वाचून झाले, आता मोठ्यांसाठीची कॉमिक्स आणि ग्राफिक नॉव्हेल्स वाचायची आहेत, तेव्हा एक यादी पाठव, असं तू लिहिलं आहेस. यादी मी मुद्दाम पाठवत नाही. तसल्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात आणि फिरून फिरून तीच दहा नावं त्यात असतात. त्यापेक्षा चांगलं कॉमिक ओळखायचं कसं, याबद्दलची माझी मतं कळवते. मतं ठाम आहेत. पटली नाहीत तर खुशाल भांड, फक्त पान समोर उघडून भांड.

मुखपृष्ठावर ‘प्रौढ वाचकांसाठी’ असं छापलेलं असतं, त्यावर फार विसंबू नकोस. आत रक्त, नग्नता किंवा शिव्या आहेत, एवढंच त्यावरून कळतं. अगदी पोरकट गोष्टीतही हे तिन्ही भरपूर असू शकतं. आणि ज्यात यातलं काहीच नाही अशी एखादी गोष्ट मोठ्या माणसांची झोप उडवू शकते. याचं माझ्या माहितीतलं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे ‘जजमेंट डे’ नावाची एक छोटीशी विज्ञानकथा. ईसी कॉमिक्स या अमेरिकन प्रकाशनानं ती १९५३ मध्ये छापली. लेखन अल फेल्डस्टाइनचं, चित्रं जो ऑर्लँडोची. पृथ्वीवरून एक निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहावर येतो. या ग्रहाला आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात घ्यायचं की नाही, हे त्याला ठरवायचं असतं. तिथे नारिंगी आणि निळे असे दोन प्रकारचे यंत्रमानव असतात. आतून दोघे तंतोतंत सारखे, फरक फक्त वरच्या आवरणाच्या रंगाचा. तरी निळ्यांच्या वाट्याला हलकी कामं, वेगळी वस्ती आणि बसमधली मागची जागा. निरीक्षक सगळं शांतपणे बघतो, नकार कळवतो आणि यानात बसून निघून जातो. शेवटच्या चौकटीत तो पहिल्यांदाच डोक्यावरचं शिरस्त्राण काढतो. तो कृष्णवर्णीय असतो. त्याच्या चेहऱ्यावर घामाचे थेंब चमकत असतात.

पुढे १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्सविरुद्ध रान उठलं. फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञाचं कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक आलं, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच ‘कॉमिक्स कोड’ नावाची नियमावली लादून घेतली. अंकाच्या नावात ‘हॉरर’, ‘टेरर’ हे शब्द नकोत, झोंबी आणि व्हँपायर नकोत, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी यांच्याबद्दल अनादर वाटेल असं काही नको. या काळात ईसीनं ‘जजमेंट डे’ पुन्हा छापायला घेतली, तेव्हा कोडचे प्रशासक चार्ल्स मर्फी यांनी हरकत घेतली की अंतराळवीर कृष्णवर्णीय दाखवता येणार नाही. ईसीचे मालक विल्यम गेन्स यांनी बदल करायला साफ नकार दिला आणि गोष्ट जशीच्या तशी १९५६ च्या अंकात आली.

या गोष्टीत रक्ताचा थेंब नाही. एका चेहऱ्यानं एवढी खळबळ केली. आता ती पुन्हा पहिल्यापासून वाचून बघ. निरीक्षक प्रत्येक पानावर आहे आणि त्याचा चेहरा कुठेच दिसत नाही. मग इतका वेळ त्या शिरस्त्राणाच्या आत कुणाचा चेहरा होता? तो चित्रकारानं काढलेला नव्हता. वाचणाऱ्यानं न विचारता आपल्या मनानं बसवलेला होता, आणि शेवटची चौकट त्याला तेवढंच दाखवून देते. माझ्या लेखी प्रौढ कॉमिकची खरी खूण हीच. ते वाचकावर काहीतरी सोपवतं आणि मग त्यानं त्याचं काय केलं, याचा हिशेब मागतं.

या माध्यमाची सगळी ताकद न काढलेल्या जागेत असते. एका चौकटीत उगारलेला हात, पुढच्या चौकटीत रिकामी खोली. मधलं सगळं तूच घडवतोस. स्कॉट मॅक्लाउडनं १९९३ च्या आपल्या पुस्तकात दोन चौकटींमधल्या या पांढऱ्या पट्टीबद्दल फार नेमकं लिहिलं आहे, आणि तेही कॉमिकच्याच रूपात. सिनेमा तुला पुढे ओढत नेतो. कॉमिकमध्ये किती थांबायचं आणि कधी मागे फिरायचं, हे तुझ्या हातात असतं. म्हणून भराभर वाचू नकोस. पहिल्यांदा गोष्टीसाठी वाच. दुसऱ्यांदा बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं वाचायचीच नाहीत, फक्त चित्रं बघत जायचं. चित्रं एक सांगतात आणि शब्द दुसरंच, असं जिथे दिसेल तिथे लेखक-चित्रकारांनी तुझ्यासाठी काहीतरी ठेवलेलं आहे असं समज.

आर्ट स्पीगलमनच्या ‘माउस’मधलं एक पान घेऊन सांगते. स्पीगलमनचे वडील व्लाडेक ऑशविट्झच्या नाझी छळछावणीतून जिवंत परतले होते. त्यांची हकीकत त्यानं ज्यूंना उंदरांचं, जर्मनांना मांजरांचं आणि पोलिश लोकांना डुकरांचं रूप देऊन सांगितली. पहिल्या भागात एके ठिकाणी व्लाडेक आणि त्यांची बायको आन्या सोस्नोव्हिएट्सच्या दिशेनं चालले आहेत. लपायला जागा उरलेली नाही. चित्रात दोघं पाठमोरी, अगदी लहान. आजूबाजूला निष्पर्ण झाडं. पुढे रस्त्याला फाटे फुटतात. शब्द फक्त एवढंच सांगतात की जायला कुठेच जागा नव्हती. पण तू जरा नजर मागे घेतलीस तर दिसतं, की त्या फाट्यांचा मिळून नाझींच्या स्वस्तिकाचा आकार झाला आहे. कुठल्याही बाजूला वळलं तरी त्या दोघांना त्याच चिन्हावरून चालायचं आहे. याबद्दल व्लाडेक काही बोलत नाहीत, लेखकही बोलत नाही. घाईनं वाचणारा पान उलटून पुढे जातो आणि त्याला हे कधीच कळत नाही.

‘माउस’चा कागदावरचा जाडसर, साधा स्ट्रोकही बघ. स्पीगलमननं ही चित्रं फाउंटन पेननं आणि छापायच्याच आकारात काढली. सहसा मूळ चित्र मोठं काढून छापताना लहान करतात, त्यामुळे रेघ बारीक आणि सफाईदार दिसते. इथे ती सफाई मुद्दाम टाळली आहे. अक्षरं आणि चित्रं एकाच हातानं रोजनिशीत उतरवल्यासारखी दिसतात. १९९२ मध्ये या पुस्तकाला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. तीस वर्षांनी, जानेवारी २०२२ मध्ये, अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या मॅकमिन परगण्याच्या शाळा मंडळानं शिव्या आणि एका नग्न चित्राचं कारण देऊन ते आठवीच्या अभ्यासक्रमातून काढून टाकलं. साठ लाखांच्या कत्तलीबद्दलच्या पुस्तकात ज्यांना शिव्या मोजाव्याशा वाटल्या, त्यांचा मला आजही राग येतो.

आता हिंसेबद्दल. तू विचारलं आहेस की किती हिंसा चालते. किती यापेक्षा कुणाची आणि कशासाठी, असं विचारत जा. ‘द किलिंग जोक’ हे १९८८ चं बॅटमॅनचं पुस्तक तुझ्या मित्रांना डोक्यावर घ्यावंसं वाटत असणार. ब्रायन बोलंडची चित्रं खरोखर अफाट आहेत. सुरुवात आणि शेवट पावसाच्या थेंबांवर, किती बांधेसूद. पण मधे बॅटमॅनचा शत्रू जोकर पोलीस आयुक्ताच्या मुलीला, बार्बरा गॉर्डनला, गोळी घालतो, ती कायमची अपंग होते, तिची विटंबना होते, आणि हे सगळं कशासाठी, तर तिच्या वडिलांचं डोकं फिरतं का ते बघण्यासाठी. तिचं काय झालं, तिला काय वाटलं, याला पुस्तकात जागाच नाही. कारागिरी उत्तम असली तरी या बाबतीत ते पुस्तक मला अपरिपक्व वाटतं. गंमत बघ, किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या जोडप्यानं पुढच्याच वर्षी तीच बार्बरा उचलली आणि तिला ऑरॅकल केली. चाकाच्या खुर्चीत बसून संगणकाच्या जोरावर सगळ्या नायकांना माहिती पुरवणारी बाई. साध्या मासिक अंकांतून त्यांनी हे केलं, आणि ज्याला सगळे प्रौढ म्हणतात त्या पुस्तकापेक्षा जास्त जाण दाखवली. पुढे १९९९ मध्ये गेल सिमोन या लेखिकेनं नायकाला चेतवण्यासाठी मारलेल्या, मोडलेल्या स्त्री व्यक्तिरेखांची यादीच करून ठेवली. ती वाचलीस तर अशा जागा तुला आपोआप दिसू लागतील.

चित्रकाराचं नाव घ्यायला शीक, ही माझी कळकळीची विनंती आहे. लोक ‘अ‍ॅलन मूरचं वॉचमेन’ म्हणतात आणि पुढे जातात. मूर त्याचा लेखक, पण चित्रकार डेव्ह गिबन्सशिवाय ते पुस्तक उभंच राहत नाही. पानावर नऊ चौकटींची जाळी त्यानं इतक्या शिस्तीनं पाळली आहे, की दोन-तीन चौकटी एकत्र करून मोठं चित्र आलं की ते अंगावर येतं. पाचवा अंक तर त्यानं आरशासारखा बांधला आहे. पहिल्या पानाची मांडणी शेवटच्या पानाशी जुळते, दुसऱ्याची उपान्त्य पानाशी, आणि असं करत मधल्या जोडपानावर दोन्ही बाजू येऊन भिडतात. अक्षरंही गिबन्सचीच. रंग जॉन हिगिन्सचे. १९८६-८७ मधल्या या बारा अंकांनंतर कित्येकांनी त्यातला अंधार आणि रक्त उचललं. चौकटींची शिस्त उचलायला मेहनत पडते, ती फार थोड्यांनी उचलली. म्हणून त्यानंतरची बरीचशी ‘गंभीर’ सुपरहिरो कॉमिक्स मला निव्वळ चिडकी वाटतात.

याच कारणानं ही पुस्तकं फोनवर एकेक चौकट मोठी करून वाचू नकोस, असं आग्रहानं सांगते. तशी वाचलीस तर पानच नाहीसं होतं. गिबन्सची जाळी, स्पीगलमनचा रस्ता, पान उलटल्यावर बसणारा धक्का, हे सगळं अख्ख्या पानावर अवलंबून असतं. छापील प्रत वाचनालयातून आण, कुणाकडून मागून घे. ते जमलंच नाही तर मोठ्या पडद्यावर निदान पूर्ण पान तरी एका नजरेत येईल असं बघ.

पण चौकटीचं इतकं कौतुक केल्यावर तिच्याविरुद्धचं एक पुस्तकही तुझ्यासमोर ठेवायला हवं. ‘भीमायन’, २०११. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातले अस्पृश्यतेचे अनुभव, दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांच्या हातचे. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं. आपल्या माणसांना खोक्यांत कोंडणार नाही, त्यात ती गुदमरतात, ही व्याम दांपत्याची भूमिका होती. त्यांनी पानाचे भाग पाडले ते ‘दिग्णा’ या, गोंड घरांच्या भिंतींवर काढतात त्या पारंपरिक नक्षीनं. बोलण्याच्या फुग्यांचंही त्यांनी वेगळंच काही केलं. साध्या, निरुपद्रवी माणसांच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार. ज्या बोलण्यात जातीचं विष आहे, त्याला विंचवाची नांगी. शाळेत भीमाला पाणी नाकारलं जातं ते पान उघड आणि फक्त फुग्यांचे आकार बघत जा. एक अक्षर न वाचता तुला कळेल की कोण डंख मारतंय. हे पुस्तक वाचेपर्यंत फुगा म्हणजे बोलण्याची नुसती पिशवी असं मला वाटायचं. जगातल्या थोर ग्राफिक नॉव्हेल्सची यादी करताना ‘भीमायन’ वगळणाऱ्यांशी मी नेहमी वाद घालते, आणि पुढेही घालीन.

यातली काही पुस्तकं त्रास देतील. केइजी नाकाझावा हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याच्या ‘बेअरफूट गेन’मध्ये चेहरे मुलांच्या ‘मांगा’ म्हणजे जपानी कॉमिक्समधल्यासारखे गोल, हसरे आहेत, आणि त्याच चेहऱ्यांची कातडी गळताना तो दाखवतो. ते एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नकोस. जड झालं तर मिटून ठेव. महिन्यांनी उघडलंस तरी चालेल. असली पुस्तकं सहन करून दाखवण्यात काही मोठेपणा नाही.

मतं मांडताना ‘भारी’ आणि ‘बोअर’ हे दोन शब्द काही दिवस बाजूला ठेव. कुठलं पान, कुठली चौकट, तिथे काय दाखवलं आणि काय दाखवलं नाही, एवढं सांग. माझं मत खोडायचं असेल तरी असंच खोड. ‘किलिंग जोक’बद्दल तू माझ्याशी भांडणार याची मला खात्रीच आहे. तेव्हा बार्बरा ज्या ज्या पानांवर आहे ती पानं आधी मोजून ठेव आणि त्यातल्या किती पानांवर तिला स्वतःचं म्हणणं मांडता येतं, तेही बघ.

सुरुवात ‘भीमायन’नं कर, मग ‘माउस’चे दोन्ही भाग एकापाठोपाठ घे. ‘वॉचमेन’ला घाई नको. ज्या सुपरहिरोंना ते प्रश्न विचारतं, त्यांच्यावर तुझं अजून प्रेम आहे, तेव्हा ते तुला माझ्यापेक्षा जास्त लागेल. वाचून झालं की लिही.

तुझी,
मावशी