‘एमएलए पण पाहिजे’ म्हणजे आमदार नाही हो!

मागच्या अंकात सहज विचारलं होतं, की ऑनलाइन ग्रुपमधल्या शॉर्टकट भाषेने तुम्हाला कधी छळलंय का, तर पत्रं, मेल, व्हॉट्सॲप मिळून इतकं काही आलं की दोन दिवस मी नुसती वाचून राहिली होती. त्यातली ही पाच. नावं नेहमीप्रमाणे छापत नाहीये.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी निवृत्त शिक्षक, वय ६८. मुलाने मला गच्चीवरच्या बागेच्या एका फेसबुक ग्रुपमध्ये टाकून दिलं. माझ्या कुंडीतल्या लिंबाची कोवळी पानं गोळा होऊन राहिली आहेत, पानांवर पांढऱ्या वाकड्यातिकड्या रेघा आहेत, म्हणून फोटोसकट विचारलं. सकाळी पाहतो तर ११ उत्तरं! त्यात ७ जणांनी नुसतं इंग्रजी ‘एफ’, दोघांनी नुसता टिंब, एकाने ‘अप’ आणि एकाने ‘सेम प्रॉब्लेम, टीआयए’. एफ म्हणजे फेल एवढंच मला ठाऊक. नापास कोण झालं, मी की माझं लिंबू?
— एक मास्तर, त्रिमूर्तीनगर

उत्तर : सर, तुम्ही पास, लिंबूही पास. हा ‘एफ’ फॉलोइंगचा आहे. म्हणजे त्या ७ लोकांच्या लिंबालाही तेच झालंय, उत्तर त्यांनाही माहीत नाही, पण कुणी दिलं की आपल्या फोनवर टुण्ण वाजावं म्हणून त्यांनी तुमच्या प्रश्नाखाली रुमाल टाकून ठेवला, एसटीच्या सीटवर टाकतो ना तसा. टिंबाचं कामही तेच, फक्त त्या माणसाला एक अक्षर टाइप करायचाही कंटाळा. ‘अप’ लिहिलं की पोस्टवर हालचाल होते आणि ती ग्रुपमध्ये पुन्हा वर येते, त्यामुळे ‘अप’वाला खरं तर तुमचा हितचिंतक समजा. ‘टीआयए’ म्हणजे थँक्स इन ॲडव्हान्स, आगाऊ आभार. आगाऊ शब्दाचे दोन्ही अर्थ इथे चालतात असं माझं मत.

खरं तर रुमाल टाकायची गरजच नसते. पोस्टच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांवर दाबलं की त्या पोस्टची नोटिफिकेशन चालू करायची सोय असते, पण ते कुणी करत नाही आणि विचारणारा बिचारा ११ उत्तरं आली म्हणून चष्मा शोधतो.

आणि लिंबाचं सांगते, कारण ११ जणांत ते कुणीच सांगितलं नाही. कोवळ्या पानावर चंदेरी नागमोडी रेघ आणि पान वळलेलं, हे बहुतेक पानं पोखरणाऱ्या अळीचं काम, आपल्याकडचे संत्रावाले तिला नागअळी म्हणतात. जास्त खराब झालेली पानं काढा, नवी पालवी आली की निंबोळी तेल फवारा. तरी नाही हटलं तर नागपुरातच अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहेच, पान घेऊन सरळ तिथे विचारा, तिथे कुणी एफ म्हणणार नाही.

प्रश्न : ताई, मी २१ वर्षांचा, स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, सक्करदऱ्यात रूम करून राहतो. एका ग्रुपवर कुणीतरी जुनी पुस्तकं द्यायची आहेत असं टाकलं, मी खाली इंग्रजी अक्षरात ‘मला पण पाहिजे’ लिहिलं, पण आपण नेहमी लिहितो तसं, ‘मला’चं एम-एल-ए आणि ‘पण’चं पी-एन. तर एकाने लिहिलं, ‘आमदार साहेब हिवाळी अधिवेशनात भेटतील, डिसेंबरात विधानभवनात या.’ त्याला ६० हसणारे चेहरे. मग दुसरा आला, शुद्धलेखन शिका म्हणे, अधिकारी काय होणार म्हणे. पुस्तकं गेली ते गेलीच. काऊन करतात असं लोक?
— सक्करदऱ्याचा पोट्टा

उत्तर : अरे दादा, आधी कबूल करते, आमदारवाल्या कमेंटला मीपण हसली. पण ते शुद्धलेखनवाले आहेत ना, त्यांना मला काही सांगायचंय.

तुझं एम-एल-ए नीट बघ. देवनागरीत ‘मला’ कसं लिहितो आपण? म, ल आणि एक काना. ‘म’मधला अ आपण लिहितो का? नाही, तो अक्षरातच बसलेला असतो. तू अगदी तेच केलंस, म-ला एम, ल-ला एल, कान्याला ए. ‘पण’चं पी-एन, ‘मग’चं एम-जी, ‘कर’चं के-आर, सगळीकडे हाच हिशोब. म्हणजे हा आळस नाही, तुझ्या डोक्यात देवनागरी चालू आहे आणि बोटाखाली इंग्रजी बटणं आहेत, एवढंच. इंग्रजी माध्यमातली माझी भाची बघ, ती ‘मला’ लिहिताना दोन्ही ए टाकते, कारण ती कानाने लिहिते.

आता ही सवय लागली कुठून, तर तुझ्या मोठ्या भावाला विचार. जगातला पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ ला गेला, इंग्लंडात, ‘मेरी ख्रिसमस’ एवढाच. एका एसएमएसमध्ये जागा ठरलेली, ११२० बिट. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात म्हणून १६० अक्षरं मावतात, देवनागरीला एकेका चिन्हाला १६ बिट, म्हणून फक्त ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडायचं चिन्ह सगळं वेगळं मोजतात. ‘लक्ष्मी’ आपल्याला अडीच अक्षरांची वाटते पण मोबाइलच्या हिशोबात ती ७ जागा खाते! मराठीत जरा लांब निरोप लिहिला की दोन मेसेजचे पैसे कटले. दिवाळीला आणि न्यू इयरला तर पॅक असूनही मेसेजमागे वेगळे पैसे जायचे. २०११ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, दिवसाला १०० मेसेजची मर्यादा घातली, तेव्हा आमच्या कॉलेजच्या पोरींनी जणू संचारबंदी लागल्यासारखा गोंधळ केला होता. आणि बटणं बारा, एस काढायचा तर ७ चं बटण चारदा दाबा. तेव्हा अक्षर वाचवणं म्हणजे पैसे वाचवणं होतं.

तुझं काय वाचलं ते मोज आता. इंग्रजी अक्षरात पूर्ण ‘मला पण पाहिजे’ लिहिलं असतं तर मधल्या जागा धरून १५, तू लिहिलंस ते १३. दोन! आणि देवनागरीत पूर्ण, शुद्ध, कानामात्रासकट लिहिलं असतं तर, मी मोजलं, तेही १३च. आता डेटाचा जमाना, अक्षराला पैसे नाहीत, कीबोर्ड फुकट, बोललं तरी फोन टाइप करतो. मित्राला लिही बाबा एम-एल-ए, तो तुझ्याच डोक्याने वाचतो. पण जिथे ४-५ हजार लोक वाचतात आणि पुढच्या वर्षी कुणी ‘जुनी पुस्तकं पाहिजे’ असं शोधणार आहे, तिथे तुझी कमेंट सापडणारच नाही, सर्चला आमदार सापडेल. तू दोन अक्षरं वाचवली, आणि वाचणारे हजार जण एकेक सेकंद अडकले.

बाकी ते अधिकारी काय होणार वगैरे मनावर घेऊ नकोस. पुस्तक मागणाऱ्याला व्याकरण देणारे लोक महाल ते मिहान सगळीकडे भेटतात.

प्रश्न : ताई, मी गृहिणी. आयुष्यात पहिल्यांदा एक कथा लिहून मराठी साइटवर टाकली. पहिलाच प्रतिसाद ‘छान, पुलेशु’. मला वाटलं पु.लं.शी तुलना केली! मी नवऱ्याला, जावेला, शेजारणीला सगळ्यांना सांगितलं. आता कळलं तसं काही नाही. कुठे तोंड लपवू?
— प्रतापनगरची लेखिका (म्हणजे होते दोन दिवस)

उत्तर : कुठेच नको, उलट हा किस्साच लिहून टाका, मला तर तो कथेपेक्षा भारी वाटून राहिला. ‘पुलेशु’ म्हणजे पुढील लेखनाला शुभेच्छा. मायबोली ही मराठी साइट १९९६ पासून आहे, नंतर मिसळपाव आलं, अशा ठिकाणी लोकांनी इंग्रजीचं उसनं न घेता आपलंच दुकान काढलं. ‘पुभाप्र’ आलं तर खूश व्हा, पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. ‘हेमावैम’ म्हणजे हे माझं वैयक्तिक मत, हे शेवटी असलं की वर काहीतरी बोचरं आहे समजायचं. ‘हहपुवा’ म्हणजे हसून हसून पुरेवाट झाली, ‘व्यनि’ म्हणजे व्यक्तिगत निरोप, ‘पाकृ’ म्हणजे पाककृती, ‘प्रकाटाआ’ म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे, आणि हे वाचलं की तो आधी काय होता हे जाणून घ्यायला जीव तडफडतो. माझं लाडकं ‘भापो’, भावना पोचल्या. वाद घालायचा कंटाळा आला की मी घरीपण वापरते.

एकच ठिकाण सोडून. कुणी गेल्याची बातमी असली तर ‘भापूश्र’ लिहू नका. माणूस पूर्ण गेलाय, श्रद्धांजली तरी पूर्ण द्या.

प्रश्न : मी बदली होऊन नागपुरात आलेल्यांच्या एका ग्रुपचा ॲडमिन. घर, शाळा, डॉक्टर असे प्रश्न असतात. काही सीनियर मंडळी म्हणतात टीआयए, ओपी (मूळ पोस्ट टाकणारा), डीएम (खासगी मेसेज) या शॉर्टफॉर्मवर बंदीच घाला, तरुण म्हणतात मग आम्ही निघतो. काय करू?
— मनीषनगर

उत्तर : तुम्ही पाठवलेले स्क्रीनशॉट मी चहा घेत घेत वाचले. तुमच्या सीनियर मंडळींपैकीच एकाने काय लिहिलंय बघा, ‘सीए रोडला नको, त्यापेक्षा एनआयटीचा आरएल प्लॉट बघा.’ आता साताऱ्याहून आलेल्या माणसाने याचं काय करायचं? त्याला वाटेल सीए लोकांची गल्ली आहे. आपल्याला माहीत, सीए रोड म्हणजे सेंट्रल अव्हेन्यू. एनआयटी म्हटलं की त्याच्या डोक्यात इंजिनिअरिंग कॉलेज, आणि कहर म्हणजे व्हीएनआयटी इथे खरंच आहे, पण प्लॉट देणारी एनआयटी म्हणजे नागपूर सुधार प्रन्यास. आरएल म्हणजे रिलीज लेटर, हे तर माझ्या पुण्याच्या नणंदेला मी तीनदा सांगितलंय. शॉर्टफॉर्म पोरांचेच असतात असं नाही, आपले आपल्याला दिसत नाहीत फक्त. (आणि शॉर्टफॉर्म नसलेले शब्दही. पाककृतीच्या ग्रुपवर मी एकदा ‘वरून सांबार टाका’ लिहिलं, तर मुंबईच्या बाईंनी विचारलं, इडलीचं का? कोथिंबीर हो बाई, कोथिंबीर.)

बंदी घालू नका. मी एक चर्चाग्रुप दोन वर्षं सांभाळला, तिथे २२ शॉर्टफॉर्मची अर्थांसकट यादी करून वर चिकटवली होती, मेहनत घेऊन, रंगीत. कुणीही वाचली नाही. चाललं ते दुसरंच. प्रश्नाची पहिली ओळ पूर्ण शब्दांत असली पाहिजे, एवढा एकच नियम ठेवला, खाली काय टीआयए करायचं ते करा. आणि कुणी ‘म्हणजे?’ असं विचारलं तर त्याला हसायचं नाही, अर्थ सांगायचा. हसला त्याची कमेंट उडवायची मी, लगेच. पहिल्या महिन्यात बऱ्याच उडवल्या, त्यात एक माझ्या सख्ख्या मामेभावाची होती, दिवाळीपर्यंत बोलला नाही.

प्रश्न : आजोबांचं जुनं पत्र सापडलं, शेवटी लिहिलंय, ‘ता.क. येताना आणणे.’ माझी लेक म्हणते आजोबांना ताक पाहिजे होतं. बरोबर का?
— धरमपेठ

उत्तर : हाहा! ता.क. म्हणजे ताजा कलम, पत्र लिहून झाल्यावर आठवलेली गोष्ट. म्हणजे काय आणायचं ते पुढे लिहिलेलं असणार, ती ओळ नीट बघा, शाई उडाली असेल किंवा घडीत गेली असेल. आणि पत्राच्या सुरुवातीला सा.न.वि.वि. किंवा अ.उ.आ. असं काही आहे का तेही लेकीला शोधायला लावा. पहिलं असलं तर साष्टांग नमस्कार विनंती विशेष, म्हणजे पत्र मोठ्या माणसाला लिहिलेलं. दुसरं असलं तर अनेक उत्तम आशीर्वाद, म्हणजे लहान कुणाला. तुमच्या बाबांनाच असेल कदाचित. पानाचा फोटो उजेडात काढून पाठवा, काय आणायचं होतं ते मिळून लावू.