लवंगेचं तेल शोधायचं ते तळाला

अर्धा किलो लवंगांचं तीन तास ऊर्ध्वपातन केलंत (म्हणजे उकळून त्यांची वाफ पुन्हा थंड करून गोळा केलीत), आणि वर तेलाचा थर नाही, नुसतं दुधी पाणी, असं तुम्ही लिहिलंय. ते पाणी ओतून दिलं नसेल तर तेल अजून तुमच्याकडेच आहे. निलगिरीचं, संत्र्याच्या सालीचं तेल तरंगतं. लवंगेचं बुडतं, कारण त्यात 70 ते 90 टक्के युजेनॉल हा लवंगेचा मुख्य घटक असतो आणि त्याची घनता साधारण 1.06, म्हणजे पाण्यापेक्षा (1) जास्त.

पाणी काचेच्या उभट भांड्यात दिवसभर न हलवता ठेवा. तळाशी पिवळसर थेंब जमतील, ते काचेच्या ड्रॉपरने उचला. रबर आणि बरीचशी प्लास्टिकं हे तेल खातं, त्यामुळे नळी-बाटली काचेची किंवा स्टीलची हवी. लोखंड लागलं तर रंग काळपट होतो. राहिलेल्या पाण्यात लिटरमागे दोनेक ग्रॅम युजेनॉल विरघळलेलं असतं, म्हणून ते पुढच्या घाण्याला परत भांड्यात घाला. लिटरला 300 ग्रॅम मीठ घालूनही बरंच तेल सुटतं, पण मग पाणीच तेलापेक्षा जड होतं आणि तेल वर येतं. तेव्हा पुन्हा गोंधळू नका!

तीन तास मात्र कमीच. युजेनॉल उकळतं 254 अंशांना. वाफेबरोबर ते शंभराखालीही येतं, पण थोडं थोडं. आठ तास तरी धरा. लवंगा भरड कुटा. पीठ केलंत तर तळाला लागतं. कुकर वापरत असाल तर नळीत भुगा अडकून तो फुटू शकतो, वाफेची वाट मोकळी हवी.

चांगल्या लवंगेतून वजनाच्या 15 ते 20 टक्के तेल निघतं. त्याच्या जवळपासही येत नसेल तर माल तपासा: चांगली लवंग पाण्यात बुडते किंवा उभी राहते, तेल काढून घेतलेली आडवी तरंगते.

आता वापर. हे तेल जंतूंचं पेशीपटल फोडतं आणि संवेदना बधिर करतं. दंतवैद्य झिंक ऑक्साइडबरोबर युजेनॉल वापरतात ते उगाच नाही. पण निखळ तेलाचा बोळा हिरडीवर दाबून ठेवलात तर हिरडी भाजते. त्वचेसाठी 100 मिली खोबरेल तेलात अर्धा मिली पुरे. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर पोटात घेऊ नका. आणि बाटली मुलांपासून लांब ठेवा: 5 ते 10 मिली प्यायल्याने लहान मुलांचं यकृत निकामी झालेलं आहे.