ओट्याखालची कपाटं: प्लायच्या आधी भिंत बघ

तू लिहिलंयस की आयटीआय झाल्यापासून शू-रॅक, टीव्ही युनिट, खिडक्यांची दुरुस्ती अशी लहानसहान कामं केलीस आणि आता रत्नागिरीजवळच्या एका जुन्या जांभ्याच्या घरात ओट्याखालची कुजलेली कपाटं बदलायचं काम मिळालंय. प्लाय कुठला घेऊ, माप कसं घेऊ आणि दर कसा सांगू, हे तुझे तीन प्रश्न. तिन्हींची उत्तरं देतो, पण आधी एक चौथी गोष्ट.

जुनी कपाटं कशाने कुजली ते शोधल्याशिवाय नवीन प्लायला हात लावू नकोस. दारं खालच्या कडेला फुगली असतील तर लादी पुसताना, धुताना पाणी चढलंय. मागची बाजू काळी पडली असेल तर भिंतीतून ओल येतेय. वरची कड सिंकजवळ मऊ झाली असेल तर सिंक आणि ओटा यांच्यामधला सांधा गळतोय. तिन्हींचा इलाज वेगवेगळा आहे. जांभा पाणी पितो. बाहेरचा गिलावा तडकलेला असेल तर कोकणातल्या पावसात ती ओल आतपर्यंत येणारच, आणि ती सुताराने थांबत नाही. मालकांना भिंतीवर हात ठेवून दाखव, गवंड्याचं काम आधी करून घ्या म्हणून स्पष्ट सांग. काम हातचं जाईल या भीतीने ओल्या भिंतीवर नवी कपाटं चढवलीस तर दोन पावसाळ्यांनी नाव तुझंच खराब होईल.

आता प्लाय. ओट्याखाली आयएस 710 या भारतीय मानकाचा शिक्का असलेला मरीन प्लायच घे, पाऊण इंची. पण तो घेतला म्हणजे काम झालं, असं समजू नकोस. त्या मानकात प्लायचा तुकडा 72 तास उकळत्या पाण्यात ठेवतात आणि थर सुटतात का ते बघतात. म्हणजे खरा कस लागतो तो डिंकाचा. थर सुटले नाहीत तरी आतलं लाकूड कापलेल्या कडेतून पाणी ओढतंच; मग कड फुगते आणि सनमायका उचलला जातो. कुणाच्याही स्वयंपाकघरात सिंकखालच्या दाराच्या खालच्या कडेवरून बोट फिरवून बघ. बहुतेक ठिकाणी ती कच्ची, म्हणजे पट्टी किंवा रंग नसलेली, लागेल, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. तुझ्या कामात दाराच्या चारही कडांना पट्टी लाव. चौकटीच्या ज्या कडा झाकल्या जाणार आहेत त्यांना ऑइल पेंटचे दोन हात दे. बिजागरीच्या वाटीसाठी पाडलेलं 35 मिमीचं भोक आणि पाइपसाठी कापलेली जागा, दोन्हींना आतून रंग लाव. या कामाला अर्धा दिवस जातो, आणि स्वस्त प्लाय अन् महाग प्लाय यांच्यातल्या फरकापेक्षा या अर्ध्या दिवसाचा फरक मोठा असतो, असं माझं ठाम मत आहे.

सिंकखाली तळाला प्लाय टाकूच नकोस. तिथे पीव्हीसी बोर्ड घाल किंवा तळ उघडा ठेव. बाकीचे खण चार इंची पायांवर उचल. आणि सनमायका दाराला दोन्ही बाजूंनी लाव, आतून पातळ चालेल. एकाच बाजूने लावलेलं दार दमट हवेत बाक धरतं, मग बिजागरी कितीही फिरव, ते नीट बसत नाही.

माप घेताना एक गोष्ट धरून चाल: जुन्या घरात काहीही काटकोनात नसतं. प्रत्येक खणाची रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीन ठिकाणी घे आणि सर्वांत लहान माप धर. कर्णही मोज. ओट्याच्या खालच्या पातळीला पाणसळ लावून बघ. भिंतीला टेकणाऱ्या टोकाला खोका, म्हणजे कपाटाचा सांगाडा, मुद्दाम दीड-दोन इंच आखूड कर आणि मधली जागा वेगळ्या पट्टीने भर. ती पट्टी ओळंब्यात उभी धर, कंपास सर्वांत मोठ्या फटीएवढा उघड, त्याचं टोक भिंतीवरून वरून खाली ओढ. भिंतीचा पोटफुगा जसाच्या तसा पेन्सिलीने पट्टीवर उतरतो. त्या रेघेवर काप, रंध्याने साफ कर, पट्टी भिंतीला चिकटून बसते. सिलिकॉनने बुजवलेली फट आणि अशी बसवलेली पट्टी यातला फरक घरातल्या माणसांना लगेच कळतो.

कटिंगचं चित्र कागदावर काढल्याशिवाय प्लाय आणू नकोस. शीट आठ बाय चार. ओटा 24 इंच खोल म्हणून बाजूच्या फळ्याही 24 च्या धरल्यास तर 48 इंचांत दोन बसत नाहीत, पात्याची जाडी मध्ये खाते. शिवाय दार ओट्याच्या कडेच्या थोडं आत राहायला हवं. खोली 22 इंच ठेव. दोन फळ्या निघतात आणि उरलेल्या जवळपास चार इंचांत भिंतीलगतच्या फटीच्या पट्ट्या होतात.

दर सांगताना सामान आणि मजुरी वेगळी लिही. रनिंग फुटाचा, म्हणजे लांबीच्या दर फुटामागे, एकच आकडा सांगितला की मालक तो शेजारच्या कामाशी ताडून बघतात, आणि तिथे कुठला प्लाय, कुठली बिजागरी वापरली होती हे कुणी विचारत नाही. प्लंबिंग, गिलावा आणि जुनी कपाटं काढून टाकणं तुझ्या कामात आहे की नाही, ते कागदावर असू दे. सामानाचे पैसे आधी घे. त्यात संकोच करू नकोस, तुझ्या वयात खिशातून प्लाय आणणं परवडत नाही.

तुझ्या शेवटच्या ओळीतल्या दाराबद्दल: त्या घरातलं फणसाचं दार पावसाळ्यात अडकतं म्हणून आत्ता रंधा मारू नकोस. लाकूड रुंदीत फुगतं, एप्रिलमध्ये पुन्हा आखडेल आणि फट राहील. आधी बिजागऱ्यांचे स्क्रू आवळून बघ, दार खाली झुकलंय का ते तपास. तरीही घासत असेल तर ऑक्टोबर संपेपर्यंत थांब.

खणांची मापं घेतलीस की इथेच टाक. कटिंगचं चित्र मी बघून देतो.